छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये दोन तासांत कंबर धरते: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं. यातली कोणती तुमची आहेत ते कागदावर लिहा, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यांच्याशी जोडलेली आहे.

- तासाभरात कंबरेच्या खाली, बहुतेकदा एकाच बाजूला, कळ येते. उतरून चार पावलं चाललं की कमी होते.
- मांडीच्या खालून मुंग्या येतात, पोटरी जड होते.
- मान आणि खांद्यांच्या मधला भाग आखडतो.
- सिमेंट रस्त्यावर ठरावीक तालात थप-थप लागते. डांबरावर आलं की थांबते.
- ताशी ९० ते ११० किमीच्या दरम्यान स्टिअरिंग किंवा सीट थरथरते.
- एसी पूर्ण चालू असूनही गिअरच्या बाजूचा डावा गुडघा आणि पावलं तापतात.
- मुक्कामी पोचल्यावर कान भणभणतात, डोकं जड होतं.

हे सगळं बसक्या, दोन दारांच्या, आखूड गाड्यांबद्दल आहे: बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर, बाहेरून आणलेली एखादी माझदा एमएक्स-५. नागपुरात अशा गाड्या रोज चालत नाहीत. आठवडाभर पार्किंगमध्ये कव्हरखाली असतात आणि निघतात त्या एकदम लांब: समृद्धीने शिर्डी, नाहीतर जबलपूर रोडने पेंचच्या पुढे. म्हणून बारीक दोष शहरात लक्षात येत नाहीत आणि सगळे मिळून तिसऱ्या तासाला एकदम जाणवतात.

अशा वेळी "स्पोर्ट्‌स कार म्हटली की असंच" असं म्हणून लोक सोडून देतात, किंवा थेट शॉकअप बदलायला निघतात. दोन्ही चूक. या तक्रारींचा मोठा भाग बसण्याची पद्धत, टायरची हवा आणि रिमच्या आतली घाण यांतून येतो, आणि या तिन्हींना जवळपास काहीच खर्च नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन परत येणं, म्हणजे साधारण ६० किमी, एवढी फेरी तुलनेला पुरते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

खिसे आणि चपला

मागच्या खिशातलं पाकीट काढा. सपाट खुर्चीत दीड-दोन सेंटिमीटरचं पाकीट खपून जातं. बकेट सीट दोन्ही बाजूंनी आवळून धरते, त्यामुळे कमरेचं हाड तिरकं होतं आणि त्याच तिरपेपणावर पाठीचा कणा तासन्‌तास तोलला जातो. एकाच बाजूची कळ असेल तर पहिला संशय पाकिटावर घ्यायचा, मग मोबाईलवर, मग पट्ट्याच्या बकलवर.

जाड तळव्याचे बूट पेडलचा अंदाज घालवतात आणि घोटा सतत ताणलेला राहतो. चपलेची टाच पेडलखाली अडकू शकते. पातळ तळव्याचे, मागून बंद बूट सगळ्यात बरे.

सीट: इथे अर्धा तास द्या

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. क्रम हाच ठेवा, कारण पुढची प्रत्येक जुळणी आधीच्या जुळणीवर अवलंबून असते.

ढुंगण सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवा. बसक्या गाडीत माणूस वरून घसरत आत येतो आणि तसाच अर्धवट पुढे सरकलेला राहतो. कमरेमागे तळहात सहज जात असेल तर तुम्ही पुढे बसला आहात.

आता सीट पुढे-मागे करा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ऑटोमॅटिकमध्ये हीच परीक्षा डावा पाय फुटरेस्टवर दाबून आणि उजव्याने ब्रेक जोरात दाबून घ्या. पाय सरळ होत असेल तर प्रत्येक वेळी कमर पुढे ओढली जाते.

सीटची पुढची कड वर-खाली होत असेल तर मांडीला आधार मिळेल इतकीच उचला. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा मोकळी हवी. कड तिथे रुतली की रक्तवाहिन्या आणि शिरा दाबल्या जातात. मुंग्या बहुतेकदा इथूनच सुरू होतात.

पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवा, म्हणजे काटकोनापेक्षा थोडीशीच मागे. स्पोर्ट्‌स कार म्हणून रेलून बसायची हौस असते. पण जितकं रेलाल तितकी मान पुढे काढावी लागते आणि हात लांबवावे लागतात. मान-खांद्यांच्या तक्रारीचं मूळ बहुधा हेच. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर स्टिअरिंग जवळ ओढा. जुन्या गाड्यांत ते फक्त वर-खाली होतं. तिथे पाठ थोडी उभी करा, सीट पुढे घेऊ नका.

शेवटी कमरेचा आधार. सीटमध्ये लंबर असेल तर पूर्ण आत घेऊन हळूहळू बाहेर काढा आणि "टेकलं" असं वाटताच थांबा. "दाबतंय" म्हणजे जास्त झालं. लंबर नसेल तर उन्हाळ्यात डोक्याला बांधतो तो सुती दुपट्टा घडी करून गुंडाळा. दाबल्यावर ३ ते ४ सेंटिमीटर जाडी राहील असा गोळा पट्ट्याच्या किंचित वर ठेवा. बाजारातल्या जाड कुशनने माणूस पुढे ढकलला जातो, मग गुडघे, हात, डोकं सगळ्यांचं माप चुकतं.

एक गोष्ट मात्र जुळवता येत नाही. उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाचा कप्पा उजव्या पावलाच्या जागेत घुसतो आणि पेडल थोडे डावीकडे सरकवलेले असतात. स्टिअरिंगचा मध्य, सीटचा मध्य आणि ब्रेक पेडल एका रेषेत आहेत का ते बघा. नसतील तर कंबर सतत किंचित पिळलेली राहणार. उपाय इतकाच: डावा पाय रिकामा असला की फुटरेस्टवर दाबून कंबर सरळ करायची, रस्ता मोकळा असेल तेव्हा क्रूझ कंट्रोल लावून उजवा घोटा मोकळा करायचा, आणि दोन तासांत एकदा खाली उतरायचं. समृद्धीवर क्रूझ लावताना पाऊल ब्रेकजवळच राहू द्या आणि डोळे जड झाले तर पुढच्या सुविधा केंद्रावर थांबा.

टायरची हवा

सीटनंतर सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. पंक्चरवाला विचारतो "किती भरू?" आणि सवयीने उत्तर जातं "पस्तीस". हलक्या दोन आसनी गाडीला इतकी हवा लागतेच असं नाही. सध्याच्या पिढीच्या एमएक्स-५ ला कंपनीने २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) सांगितलेली आहे. तिथे ३५ भरली म्हणजे २० टक्के जास्त. लो-प्रोफाइल टायरमध्ये रबराची भिंत आधीच बुटकी असते. धक्का गिळण्याचं काम करणारी तेवढीच जागा आपण हवेने ताठ करून टाकतो.

तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. जर्मन गाड्यांत भारानुसार आणि वेगानुसार वेगवेगळे आकडे असतात. दोन माणसं आणि भरलेली डिक्की यांचा आकडा वेगळा, तोच वाचा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही अनेकदा वेगळे असतात.

हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. साधारण दर ५-६ अंश सेल्सियसला १ पीएसआय फरक पडतो. मे महिन्यात नागपुरात पहाटे ३० आणि दुपारी ४५ अंश असतील तर गाडी जागची न हलता जवळपास ३ पीएसआय वाढतात. धावल्यावर आणखी चार-पाच. म्हणून दुपारी पंपावर वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका; दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर कमी हवेचा निघेल. स्वतःचा डिजिटल गेज घ्या, पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत.

आरामासाठी कंपनीच्या आकड्याच्या खाली कधीही जायचं नाही. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि समृद्धीवर ताशी १२० ला तापलेलं सिमेंट खाली असताना तो फुटण्याची शक्यता वाढते. हवेऐवजी नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होत नाही. आराम ठरतो तो दाबावर.

हवा बघताना टायरचं वयही बघा. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत खाचा छान दिसतात, पण रबर उन्हाने कडक झालेलं असतं आणि तो कडकपणा थेट सीटपर्यंत येतो. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर टायरवाल्याला दाखवल्याशिवाय लांब निघू नका. बाजूच्या भिंतीवर फुगवटा, चीर किंवा आतली दोरी दिसली तर तपासणी तिथेच थांबवा. त्या टायरवर गाडी हलवायची नाही.

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात आणि निघाल्यावर धड-धड लागते. १५-२० किमीत टायर गरम झाले की ती जाते. गेली नाही तर चपटेपणा कायमचा झाला.

रिमच्या आतली काळी माती

विदर्भातली ही खास भानगड आहे आणि बाहेरगावच्या मॅन्युअलमध्ये ती सापडणार नाही. पावसाळ्यात फार्महाऊसच्या किंवा शेताच्या रस्त्याने एकदा गाडी नेली की काळी माती रिमच्या आतल्या कडेला बसते आणि वाळून दगडासारखी होते. चाक एकसारखं फिरावं म्हणून लावतात ती बॅलन्सिंगची वजनं काही ग्रॅमची असतात, इथे तर मूठभर माती एका बाजूला चिकटलेली. मग ९० नंतर स्टिअरिंग थरथरतं आणि दोष शॉकअपवर जातो. चालू बांधकामाच्या रस्त्यावरून उडालेला ओला सिमेंट-मालही असाच बसतो.

बाहेरून धुतलेल्या गाडीत हे दिसत नाही. टॉर्च घेऊन आऱ्यांमधून आत बघा. माती पाण्याने भिजवून अर्धा तास ठेवा, मग प्लास्टिकच्या ब्रशने आणि प्रेशरच्या पाण्याने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर रिमचा रंग जातो आणि चिकटवलेली वजनंही निघतात. वजन निघालं असेल तर तिथे चौकोनी डिंकाचा डाग दिसतो. तो दिसला की बॅलन्सिंग करावंच लागेल.

सिमेंट रस्त्यावरची थप-थप

यामागे साधं गणित आहे, आणि ते कळलं की नको तिथे पैसे जात नाहीत. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांत साधारण दर ४.५ मीटरवर आडवा जोड कापलेला असतो. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे सेकंदाला सहा जोड. ८० ला पाच, १२० ला सात-साडेसात. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या कंपनाला सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यात सगळ्यात जास्त हळवं असतं. म्हणजे हायवेचा कोणताही वेग घ्या, आपण त्याच टप्प्यात राहतो. हळू गेल्याने धक्का सौम्य होतो, पण ताल सुटत नाही.

आता गाडीचा आखूडपणा. एमएक्स-५ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.३१ मीटर अंतर आहे; नव्या झेड४ आणि ७१८ बॉक्स्टरमध्ये साधारण २.४७, टीटीमध्ये २.५. जोडांमधल्या अंतराच्या जवळपास निम्मं. त्यामुळे पुढची चाकं एक जोड ओलांडतात आणि पुढचा जोड येण्याच्या मध्यावर मागची चाकं तोच जोड ओलांडतात. पुढे, मागे, पुढे, मागे असे आळीपाळीने धक्के बसतात आणि गाडी वर-खाली होण्याऐवजी डोलते. मागच्या चाकाच्या अगदी पुढ्यात बसणाऱ्याला ते कमरेत जाणवतं.

थप-थप सिमेंटवर येते, डांबरावर पूर्ण जाते आणि वेगाबरोबर तिचा ताल बदलतो, असं असेल तर ती रस्त्याची आहे. ती गाळायला टायरची हवा, टायरची भिंत आणि सीटचा फोम एवढ्या तीनच गोष्टी उपयोगी पडतात. नवे कडक शॉकअप घातले तर वाढेल. उलट, डांबरावरही तीच थप-थप राहिली तर टायर किंवा रिम वेडावाकडा झालेला आहे. पुढे बॅलन्सिंगकडे जा.

रन-फ्लॅट टायर असलेल्या गाड्यांत हा त्रास ठळक असतो, कारण पंक्चर झाल्यावरही भार पेलावा म्हणून त्यांच्या भिंती मुद्दाम जाड केलेल्या असतात. साधे टायर घातले की फरक लगेच जाणवतो. पण चारही एकदम बदला, भार आणि वेगाचा निर्देशांक कंपनीने सांगितलेलाच ठेवा आणि डिक्कीत पंक्चर किट व हवा भरायचा कंप्रेसर असू द्या. या गाड्यांत स्टेपनीची जागाच नसते. भिंत फाटली तर किटने काम होत नाही, मग टो ट्रकची वाट बघावी लागते. रात्रीचे निर्मनुष्य पट्टे तुमच्या वाटेत येत असतील तर हा विचार करूनच बदला.

सामान

सीटच्या मागे बॅग कोंबली की पाठ हवी तेवढी मागे जात नाही. मग तुम्ही सीटची जुळणी सामानाप्रमाणे करता. मऊ बॅगा घ्या, जड वस्तू डिक्कीत तळाशी. पायांजवळ पाण्याची सुटी बाटली नको, ती पेडलखाली जाते.

उष्णता

पहिल्यांदा केबिन फिल्टर बघा. तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे (ग्लव्हबॉक्स) किंवा बॉनेटखाली काचेच्या पायथ्याशी असतो. धुळीने काळा झाला की पंखा ओरडतो पण वारा येत नाही. बदलायला दहा मिनिटं लागतात. उन्हात उभी गाडी सुरू करताना दोन्ही काचा उघडून दोन-तीन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवा.

त्यानंतरही डावा गुडघा तापत असेल तर गिअर लिव्हरच्या बुडाशी हात धरा. वरच्या कातडी आवरणाखाली एक रबरी बूट असतो, काही गाड्यांत दोन. उष्णतेने तो फाटतो आणि गिअरबॉक्स-सायलेन्सरवरची गरम हवा सरळ आत येते. आवरण उचलून टॉर्चने बघता येतं. रबर फाटलं असेल तर बदलायचं. फेविक्विक किंवा टेप त्या तापमानात टिकत नाही.

पावलांकडे गरम हवा येत असेल तर एसीचं कॉम्प्रेसर बंद करा, तापमान सगळ्यात थंडवर ठेवा आणि वारा पायाकडे वळवा. बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम वारा आला तर हीटरची झडप किंवा हवा वळवणारी आतली पट्टी नीट बंद होत नाही. हे एसीवाल्याचं काम आहे. डॅशबोर्ड स्वतः उघडू नका.

रबरही ठीक, हीटरही ठीक, पण दोन सीटमधला बोगद्यासारखा भाग हाताला चटका देतो: खालचं, उष्णता अडवणारं पत्र्याचं हीट शील्ड सैल झालं किंवा गळून पडलं असणार. उंच स्पीडब्रेकरला पोट घासलेल्या बसक्या गाड्यांत हे नेहमीचं. गाडी लिफ्टवर घेऊन दाखवा.

आत धुराचा वास आला, किंवा काचा बंद असताना दोघांनाही डोकेदुखी, मळमळ, गुंगी वाटली तर लगेच काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि बाहेर या. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. वास येतो तो धुरातल्या इतर वायूंचा. सायलेन्सरचा जोड गळत असेल किंवा डिक्कीचं रबर गेलं असेल तर तो आत खेचला जातो. अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, उचलून न्यायची.

उन्हाचं एक लक्षात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. मुंबईच्या बाजूने नागपूरला परतताना ड्रायव्हरची उजवी बाजू दक्षिणेला येते आणि उजवा हात तासन्‌तास भाजतो. पूर्ण बाहीचा सुती शर्ट पुरतो. काळी फिल्म लावू नका: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे, आणि रात्री गडद काचेतून जनावर दिसत नाही.

वाऱ्याचा आवाज

तीन तासांच्या सुसाट आवाजाने माणूस पाठदुखीइतकाच थकतो. चौकट नसलेल्या दारांच्या गाडीत आधी काच बघा. दार उघडताना ती थोडी खाली येते आणि बंद केल्यावर वर जाऊन रबरात बसते. उभ्या गाडीची बॅटरी उतरली किंवा बदलली की काचेची ही आठवण जाते. मग ती दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबते आणि ८० नंतर शीळ वाजते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते. नेमकी पद्धत तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. कितीतरी जण याचसाठी दाराची रबरं बदलून बसतात.

तेवढ्याने गेलं नाही तर मास्किंग टेप घ्या. आरशाचा त्रिकोण, काचेची वरची कड, छताचा जोड यांवर एकेक करून बाहेरून टेप लावा आणि प्रत्येक वेळी ९० ला तोच रस्ता चालवा. ज्या जागी टेप लावल्यावर आवाज थांबला, फट तिथे. रबर नुसतं सुकलं असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. डिझेल किंवा साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. कापडी छत शिवणीत उसवलं असेल किंवा काच वाकडी बसत असेल तर पुढचं काम छताच्या जाणकाराचं.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट

इथून पैसे लागतात, पण अजून फार नाहीत. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटमध्ये असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर ब्रेक डिस्क. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर आली तर ड्राइव्ह शाफ्ट किंवा इंजिनचे माउंट. ती गॅरेजची कामं, बॅलन्सिंगने जाणार नाहीत.

मशीनवर चाक फिरताना स्वतः उभं राहून रिमची कड बघा. आतली कड लाटेसारखी हलत असेल तर रिम वाकलेला आहे, आणि वाकलेल्या रिमवर कितीही वजनं लावली तरी थरथर परत येते. कंपनीचे नसलेले अलॉय रिम घातले असतील तर रिमचं मधलं भोक आणि चाक ज्यावर बसतं तो हब यांच्यात मापाची रिंग आहे का ते विचारा. रिंग नसेल तर मशीनवर शून्य दाखवणारं चाकही गाडीवर थरथरतं. मुख्यतः ट्रकचं काम करणाऱ्या दुकानात लो-प्रोफाइल टायर काढायला देऊ नका, टायर काढायच्या लोखंडी पट्टीने रिमची कड चेपते. बोल्ट एअर गनने कसले तर नंतर ठरावीक जोराने कसणाऱ्या टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर तपासून घ्या.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर खांदा सतत झुंजत राहतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहणं किंवा टायर आतून जास्त झिजणं ही अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडल्याची खूण. छापील अहवाल घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही.

शॉकअप, बुश, स्प्रिंग

वरचं सगळं झाल्यावरच इथे यायचं. घरी करता येणाऱ्या तपासण्या तीन.

सपाट जागी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली असू शकते. टॉर्चने शॉकअपचं अंग बघा; तेलाने ओलं आणि धूळ चिकटलेली असेल तर सील गेलं. तिसरी तपासणी कानाची: बारीक खड्ड्यावर "खट" म्हणजे सस्पेन्शनची लिंक, रबरी बुश किंवा शॉकअपचं वरचं माउंट, मोठ्या खड्ड्यावर "धप्प" म्हणजे बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपचा प्रवास संपतो तिथल्या ठोकळ्यावर, आपटणं, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन वेळा डुलत राहिली तर शॉकअप संपले.

बंप स्टॉप हा फोमचा छोटा तुकडा असतो, पण जुन्या गाड्यांत तो भुगा होऊन पडलेला असतो आणि कोणी बघत नाही. मग शेवटचा धक्का धातूवर धातू बसतो. तो नवा घातला तरी कमरेला येणारी ती एक नेमकी कळ जाते.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्या असतील तर मेकॅनिकला सांगून शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय बांधून घ्या, तळाशी सरकवून. मग नेहमीच्या रस्त्यावर ५० किमी चालवा. टाय सरकून बंप स्टॉपपाशी गेला असेल तर गाडीला हालायला जागाच उरलेली नाही. अशा वेळी मूळ स्प्रिंग परत घालणं हा खरा उपाय आहे.

शॉकअप जोडीने बदला, बंप स्टॉप आणि वरच्या माउंटसकट. स्प्रिंग काढणं घरचं काम नाही; दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर हातही घालायचा नाही.

सीटचा फोम

हे शेवटी, कारण खर्च आहे आणि एअरबॅगचा धोका आहे. बसक्या गाडीत चढता-उतरताना प्रत्येक वेळी अंग सीटच्या बाहेरच्या फुगीर कडेवरून घसरतं. वर्षानुवर्षांत ड्रायव्हरची उजवी कड चेपते आणि आपण नकळत उजवीकडे कलून बसतो. पाकीट काढूनही एका बाजूची कळ राहिली तर बसण्याच्या जागेवर आडवी सपाट पट्टी ठेवून वर लेव्हल ठेवा. बुडबुडा सरकला तर फोम किंवा खालचे पट्टे गेले. खात्रीसाठी चेपलेल्या बाजूखाली सुती कापडाची एक सेंटिमीटर घडी ठेवून बुटीबोरीची फेरी करा. बरं वाटलं तर निदान पक्कं.

सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसेल. तो एअरबॅगचा किंवा पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचा. तो स्वतः काढायचा नाही आणि कोणत्याही सीट कव्हरवाल्याला बॅटरी सुटी न करता काढू द्यायचा नाही. सीट बाहेर काढण्याचं काम गाडी ओळखणाऱ्या गॅरेजमध्ये करा, फोमचं काम सीटवाल्याकडे, आणि परत बसवणं पुन्हा गॅरेजमध्ये. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथली शिवण ठरावीक ताकदीने उसवण्यासाठीच केलेली असते. त्यावरून नवं कव्हर शिवू नका. शेजारच्या सीटच्या फोमखाली माणूस ओळखणारा सेन्सर असतो, तो जशाच्या तसा ठेवायला सांगा. उंच माणसाचं डोकं छताला लागत असेल तर खालचा फोम दोन-तीन सेंटिमीटर तासून घेता येतो, पण मांडीखालचा भाग तसाच ठेवून.

गाडी सोडून डॉक्टरकडे कधी

उतरून अर्धा तास फिरल्यावरही पायातली बधिरता जात नसेल, पाऊल उचलताना लटकत असेल, किंवा कळ कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरत असेल, तर सीट जुळवणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. लांब प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर ती चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्यासोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका.

गॅरेजला जाताना सुरुवातीचा लक्षणांचा कागद सोबत न्या. कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, ब्रेकवर की ॲक्सिलरेटरवर, आणि थंड टायरमध्ये किती हवा असताना, हे चार मुद्दे सांगितले की मेकॅनिक अंदाजाने भाग बदलत बसत नाही.